सोपान मिस्त्रीचा पंचनामा

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आन् सोपान मिस्त्री सहासष्ट. त्याचं वय मीच सांगून राह्यलो, कारण त्याला इचारलं तर तो म्हणायचा, "मारुतीच्या देवळावर पत्रे चढले तवा मी रांगत होतो. आता तुम्हीच लावा हिशोब." देवळावर पत्रे कोणत्या साली चढले हे गावात कुणालाच ठावं न्हाई. म्हणून तो लग्नाच्या पंगतीत साठीचा असायचा आन् उन्हात काम निघालं की सत्तरीचा.

माझी शाळा तिसरीपर्यंत. काना-मात्रा चुकली असंल तर वाचणाऱ्यानं सुधरून घ्यावी. मी पुन्हा ल्हिणार न्हाई.

आमचं गाव परतूरपासून रिक्षानं अर्ध्या तासावर. आता स्लॅबची घरं वाढली, पण तवा निम्म्याच्या वर गाव पत्र्याखाली होतं, आन् त्यातला जवळपास एकूण एक पत्रा सोपाननं बसवलेला. तो आता गावात न्हाई. पोरगा जालन्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्यानं बापाला तिकडं नेलं. स्लॅबच्या खोलीत ठेवलंय. पण सोपानला तिथं पावसाळ्यात झोप येत न्हाई. डोक्यावर पाऊस वाजत न्हाई म्हणतो. वाजल्याशिवाय पाऊस खरा कसा समजावा?

जमिनीवर सोपान मुका. जीभ होती, पण चालायची न्हाई. लग्नात, मयतीत, पारावर, कुठं बी बसला तरी मान खाली आन् बोटानं मातीत रेघा. कुणी काही इचारलं तर "हां", न्हाईतर "बराबर". पण शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय पडला की ह्या माणसाला कंठ फुटायचा. पाचव्या पायरीवर तो बोलायचा आन् आढ्यावर बसला की भाषण. वरून त्याला सारं गाव दिसायचं, आन् जे दिसलं ते पोटात ठेवायची त्याला सवय न्हाई. "ए भामाबाई, म्हैस सुटली गं, उसात शिरून राह्यली!" "आरं नामदेवा, तुझा पाव्हणा फाट्यावर उतरला, पिशवी मोठी हाय, मुक्कामाला दिसतो!" बाया म्हणायच्या, सोपान कुणाच्या घरावर चढला की त्या दिवशी पेपर घ्यायची गरज न्हाई.

हे सगळं तो गालात नट ठेवून बोलायचा. एका गालात चार-पाच नट, लेकरानं गोळ्या ठेवाव्या तसे. एक जिभेनं पुढं आणायचा, हुकावर चढवायचा, पान्यानं आवळायचा. मी एकदा म्हणलं, "सोपान, गिळलास तर?"

"दाजी, आज गिळला तर उद्या बसवीन. माल वाया जात न्हाई."

मला तो दाजी म्हणायचा, कारण माझी मंडळी त्याच्या आईच्या गावची. ती त्याची आक्का, मंग मी दाजी. सख्खं नातं काहीच न्हाई, पण दाजीची मस्करी करायचा सारा हक्क त्यानं घेतला होता. साऱ्या गावात मला टोचून बोलायची हिंमत असणारा तो एकलाच, आन् ती बी चौथ्या पायरीच्या वर.

कामावर असताना तो खाली चहा प्यायचा न्हाई. आधी शेवटचा नट, मंग जमीन. म्हणून त्याच्या दोरीला कायम एक झाकणाचा डबा बांधलेला असायचा. घरच्या बाईनं डब्यात चहा ओतायचा, त्यानं वरून ओढायचा. चहा फिका असला तर डबा तसाच खाली यायचा, न बोलता.

ल्हिता-वाचता त्याला येत न्हाई. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की तिचे पत्रे त्यानं बसवले. पण कोणता पत्रा कुणाचा ह्याची त्यानं आपली एक रीत पाडली होती. पत्रा चढवायच्या आधी त्याच्या पोटाला, म्हणजे घरात दिसणाऱ्या बाजूला, डांबराच्या ब्रशानं खूण करायचा. ज्या घराची जशी चाल, तशी खूण. चंद्रकलाबाई नावाची एक इधवा बाई आमच्या गल्लीच्या टोकाला ऱ्हाती. तिला चांदणी. भानुदास म्हणून एक पुढारी आहे, सगळ्यात मोठ्यानं बोलणारा, त्याला भोंगा. माझ्या पत्र्यांवर त्यानं नुसती एक उभी रेघ ओढली.

मी म्हणलं, "लोकाला चांदण्या, अन् मला रेघ?"

"दाजी, वाकवून पाह्यली. वाकत न्हाई."

माझं घर शाकारताना आमचं जे भांडण झालं ते गल्लीत अजून सांगतात. तो म्हणे एका पत्र्याला सहा हुक. मी म्हणलं चार. तो आढ्यावर बसलेला, मी अंगणात कमरेवर हात देऊन, आन् दोन्हीकडच्या भिंतींवर बाया.

"दाजी, चार हुकावर पत्रा झोपतो. वारं आलं की उठतो. सहा मारा, मंग तो मरेस्तोर उठत न्हाई."

"घर माझं, पत्रे माझे. चार."

"वाऱ्याला वाट द्यावी दाजी, घर देऊ नये."

"चार."

त्यानं वरूनच माझ्या मंडळीला हाक मारली, "आक्का, तुझ्या बापानं ह्या घरात काय पाहून दिली गं तुला?" ती पदरात हसली. मी आणखी ताठ झालो. शेवटी त्यानं चारच मारले, पण शेवटचा नट आवळताना म्हणला, "बराबर. चार. पण एक दिवस तुम्ही सोताच्या तोंडानं सहा म्हणसाल."

"मेलो तरी न्हाई," मी म्हणलं.

त्या वर्षी, म्हणजे तेवीस साली, वैशाखाच्या अखेरीला वावधान सुटलं. मी तवा परभणीकडं लग्नाला गेल्तो, म्हणून माझ्या डोळ्यानं पाह्यलं न्हाई. दुपारच्या चाराला आभाळ तांबडं झालं, आन् अर्ध्या घंट्यात गावातले पत्रे पापडासारखे उडाले म्हणे. शाळेचा फळा पाझर तलावात सापडला. माणसं वाचली, हे नशीब.

चंद्रकलाबाईचे पाचच्या पाच पत्रे गेले. तिची लेक बाळंत होऊन नऊ दिवस झाल्ते. वारं धड पडलंबी नव्हतं तर सोपान नांगरलेल्या रानात पळत होता. पत्रा उलटा करायचा, खूण पाहायचा, भोंगा असला तर तिथंच टाकायचा, चांदणी असली तर डोक्यावर घ्यायचा. दिवस मावळायच्या आत त्यानं तिचं घर झाकलं. एक पत्रा पार फाटलेला होता, त्याच्या जागी आपल्या गोठ्याचा काढून लावला. बाई नको-नको म्हणत होती. हा शिडीवरून म्हणला, "बाळंतिणीवर उघडं आभाळ बरं दिसत न्हाई. माझ्या म्हशीला आभाळ पाहू द्या चार दिवस."

फाटका पत्रा बाईनं न्हाणीला आडोसा म्हणून उभा केला.

मी तिसऱ्या दिवशी परत आलो. पाह्यलं तर माझ्या घरावर निळी ताडपत्री आन् अंगणात माझ्या पत्र्यांची चळत. मोजले तर आठ. खरं सांगतो, आधी वाईट वाटलं, मंग थोडी ऐट बी वाटली. वारं माझ्या घरावर आलं तर असंतसं न्हाई आलं. पारावर जो भेटंल त्याला मी सांगितलं, "आठ गेले. एक-दोन न्हाई, आठ." सोपान तिथंच बसला होता. मातीत रेघ ओढत होता.

पाचव्या दिवशी तलाठी साहेब पंचनाम्याला आले. पोरगं तरणं, सुभावानं चांगलं. घरोघर उभं राहून मोबाईलवर फोटो काढले. ज्याचं छप्पर उघडं त्याचं नाव ल्हिलं, ज्याचं झाकलेलं ते पुढं गेलं. यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं, भानुदासचं होतं. चंद्रकलाबाईचं न्हाई.

त्या दिवशी सोपान माझ्या अंगणात आला. शिडी न्हाई, काही न्हाई, उंबऱ्याजवळ मातीवर उभा. म्हणला, "दाजी, माझ्याच हातानं तिचं नाव पुसलं. मी नसतं बसवलं, तर लागलं असतं."

जमिनीवर उभं राहून त्याला एवढं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणलं, "नियम हाय बाबा." तो "हां" म्हणला आन् गेला.

ग्रामसभा समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली भरली. एवढी माणसं मी इलेक्शनला बी पाह्यली न्हाई. तलाठी साहेब खुर्चीवर, मांडीवर कागद. म्हणले, "मला जे दिसलं ते मी लिहिलं. उडालेलं छप्पर फोटोत दिसायला पाहिजे. माझ्या हातात दुसरं काही नाही."

मागून एकजण ओरडला, "साहेब, सरसकट द्या ना! वारं काय घर इचारून आल्तं का?"

दुसरा म्हणला, "सरसकट म्हणजे स्लॅबवाल्याला बी का? त्याचं काय उडालं, झोप?"

"झोप उडाली ना! तुमच्या पत्र्यांचा आवाज किती!" स्लॅबवाला म्हणला. मंग हसणं, मंग गलका. एक म्हणे सरकारनं दिलंच पाह्यजे, आपण टॅक्स भरतो. दुसरा म्हणे तू कवा भरला? तिसरा म्हणे काडेपेटी घेतली तरी टॅक्स लागतो, शिकला न्हाईस का?

भानुदास उभा राह्यला तसा गलका दबला. "नियम म्हणजे नियम. आम्ही पाच दिवस उन्हात तापलो, साहेबाची वाट पाहात. ज्याला दम निघाला न्हाई त्यानं बसवून घेतलं. त्यात सरकारची काय चूक?"

चंद्रकलाबाई बायांतून उठली. पदर खोचला. "भानुदासभाऊ, माझ्या घरात नऊ दिसाचं लेकरू होतं. त्याला सांगू का, दम धर बाळा, पंचनामा व्हायचाय?"

बाया हसल्या. पण ती हसत न्हाई हे पाहून गप्प झाल्या.

आन् इथं मी उठलो. कुणी बोलवलं नव्हतं. म्हणलं, "बाईचं दुःख खरं. पण भानुदासचं बराबर हाय. माझे आठ गेले. मी ताडपत्रीखाली झोपलो, रडलो न्हाई, कुणाच्या दारात गेलो न्हाई. नियमानं येईल ते येईल." मिशीवरून हात फिरवून खाली बसलो. सोपाननं माझ्याकडं पाह्यलं. ढिल्या हुकाकडं पाहावं तसं.

मंग तो उभा राह्यला. तोंड उघडलं. शब्द न्हाई. मिटलं, पुन्हा उघडलं. भानुदास म्हणला, "काय मिस्त्री, नट अडकला का घशात?" सभा खदखदली. सोपान तसाच वळला आन् चालायला लागला. मला वाटलं गेला घरी.

थोड्या वेळानं पाहतो तर येऊन राह्यला. खांद्यावर शिडी, बगलेत चंद्रकलाबाईच्या न्हाणीचा पत्रा. शिडी समाजमंदिराच्या भिंतीला लावली, हलवून पाह्यली, आन् चढला. एक, दोन, तीन, चार.

"ऐका हो सारे!"

लिंबावरचे कावळे उडाले.

"ह्या पत्र्याच्या पोटाला चांदणी हाय. चांदणी कुणाची, लहान लेकराला ठावं हाय. आता भोकं पाहा." त्यानं पत्रा उन्हात धरला. भोकांतून उजेड खाली पडला, लांब-लांब, बोटाएवढाले कवडसे, बराबर तलाठी साहेबाच्या कागदावर. "मी भोक पाडतो तवा टोच्यानं पाडतो, गोल पाडतो. वारं पत्र्याला ओढतं, हुक सोडत न्हाई. दोघांच्या भांडणात पत्रा फाटतो, भोक लांब होतं. हे वाऱ्याचं काम. आन् पान्यानं नट काढला, तर पत्रा राजीखुशीनं निघतो. भोक गोलच्या गोल ऱ्हातं. साहेब, तुमच्या फोटोत आभाळ दिसतं, भोक दिसत न्हाई. बाईच्या घरावर चढा. नवीन भोकाशेजारी जुनं लांब भोक हाय, मी डांबर लावून बुजवलंय. तोच तिचा पंचनामा!"

कुणी शिट्टी मारली. बाया उभ्या राह्यल्या. तलाठी साहेब कागदावरचे कवडसे पाहात होते. मंग हळूच म्हणले, "मिस्त्री, म्हणजे गावात गोल भोकं पण आहेत का?"

भानुदासनं टोपी काढली, पुन्हा घातली.

सोपाननं खिशातून एक नट काढला, गालात ठेवला. घाई केली न्हाई.

"साहेब, मी मिस्त्री हाय, फौजदार न्हाई. उद्या सकाळी शिडी घेऊन तुमच्यासंगं घरोघर येतो, वर चढून पाहू. आज दिवस मावळायला चार घंटे हायेत. वारं पडलेलं हाय." त्यानं साऱ्या सभेवरून नजर फिरवली. "पत्रे बसवायला टाईम चांगला हाय."

आन् खाली उतरला. मुका झाला.

ठरलं असं, की बसवलेल्या छपरांचा बी पंचनामा व्हायचा, भोकं पाहून. चंद्रकलाबाईनं सोपानपुढं हात जोडले. हा म्हणला, "हां."

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत आमच्या गावात जे झालं ते मी जन्मात इसरणार न्हाई. ह्या गल्लीत खट, त्या गल्लीत खट. जिकडंतिकडं नट आवळणारे पाने. भानुदास सोता घरावर, धोतर खोचून. खालून त्याची बायको, "हळू! आता तुम्ही पडाल अन् तुमचाच पंचनामा व्हईल!" मी अंगणात बाजेवर बसून मोजत होतो आन् हसत होतो. हा एक गोल भोकवाला निघाला. तो दुसरा. अरे तो बी!

माझी मंडळी चुलीजवळून म्हणली, "हसा, हसा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी उठलो. आमच्या चळतीजवळ गेलो. वरचा पत्रा उन्हात धरला. लांब. दुसरा, लांब. तिसरा धरला.

गोल.

चौथा गोल. पाचवा गोल. आठव्यापर्यंत गोल. प्रत्येकाच्या पोटावर माझी उभी रेघ.

मी धाकट्या पोराला हाक मारली. तो खांबाआडून आला. म्हणला, "आबा, लोक म्हणले, दोन पत्र्यांवर नाव लागत न्हाई. तुम्ही लग्नाला गेल्ते. म्हणून मी सहा…"

"तुला ठावं होतं?" मी मंडळीला इचारलं.

"मी नको म्हणलं होतं त्याला. पण तुम्ही आले ते आठ-आठ करतच. तुमच्या आठापुढं कुणी तोंड उघडावं?"

"सोपानला?"

धाकट्यानं मान खाली घातली. "दुसऱ्याच दिवशी पाह्यलं त्यांनी. काही बोलले न्हाई. नुसतं इचारलं, पाना कुठून आणला. मी म्हणलं, मामा, तुमच्याच पिशवीतला."

म्हणजे पारावर मी आठ-आठ करत होतो, तवा तो शेजारी बसून होता. सभेत मी मिशीवर हात फिरवला, तवाबी त्याला ठावं होतं. साऱ्या गावापुढं, चौथ्या पायरीवर उभं राहून, त्यानं माझं नाव घ्यायला पाह्यजे होतं. दाजीची मस्करी करायचा असा मोका पुन्हा मिळणार नव्हता. त्यानं गालात नट ठेवला.

धाकटा म्हणला, "आत्ता बसवून टाकतो आबा. सगळे बसवून राह्यले."

"हात लावायचा न्हाई."

"मंग सकाळी साहेब येतील ना!"

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं, धुतलेलं धोतर नेसलो, आन् आठच्या आठ पत्रे एकलाच ओढत रस्त्यावर आणले. दोन एकीकडं, सहा एकीकडं, रेघ वर करून. गल्ली जमा झाली. साहेब आले, मागं शिडी घेऊन सोपान, मान खाली. साहेबाच्या हातात यादी होती. पहिलं नाव चंद्रकलाबाईचं, ताज्या शाईचं.

मी म्हणलं, "साहेब, हे दोन वाऱ्यानं नेले. हे सहा माझ्या घरानं काढले. दोन ल्हा, सहा खोडा. नाव राह्यलं तर राह्यलं. आन् काल सभेत मी जे बोललो, ते बी खोडा."

साहेबानं खोडलं. भानुदास आपल्या दारातून पाहात होता, त्याच्या डोक्यावर आज टोपी नव्हती. सोपाननं शिडी माझ्या भिंतीला लावली, हलवून पाह्यली, चढायला लागला. मी पायऱ्या मोजत होतो. चौथीवर तो थांबला.

"दाजी! रेघ वाकली का काय?"

"वाकली न्हाई. आडवी पडली होती, उभी करून राह्यलो."

गल्ली हसली. धाकट्यानं पत्रे वर दिले. सोपान आढ्यावर बसला, सवयीनं चारी दिशांना पाह्यलं, भामाबाईची म्हैस जागेवर आहे हे साऱ्या गावाला सांगितलं. मंग गालातला एक नट जिभेनं पुढं आणला आन् हातोडी उचलून माझ्याकडं पाहात राह्यला. इचारलं न्हाई. भिंतीवरच्या बाया वाकून पाहात होत्या.

मंडळीनं डब्यात चहा ओतून दिला, दाट, आल्याचा. मी तो दोरीला बांधला, गाठ ओढून पाह्यली, वर पाह्यलं, आन् गल्लीच्या टोकाला चंद्रकलाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणलं,

"सहा मार."